खुंटीवरची वीणा

ताई, रामकृष्ण हरी.

मी परांडा तालुक्यातला, सीना नदीच्या काठचा. वय ४७, जमीन चार एकर. गावची दिंडी वडिलांनी ३१ वर्षं चालवली. २०२३ ला ते गेले आणि लोकांनी वीणा माझ्या गळ्यात घातली. साठेक माणसं असतात, पंढरीपर्यंत चार मुक्काम.

२०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं सगळं नेलं. सोयाबीन तर गेलंच, पण दोन एकरांतली माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला. विहीर गाळानं भरली. देवळात छातीएवढं पाणी होतं. पखवाजाची चामड्याची पुडी कुजली, टाळ चिखलातून उपसून काढले. वीणा तेवढी वाचली, कारण वडिलांनी तिची खुंटी फार उंच ठोकलेली. स्टुलावर चढल्याशिवाय हात पोचत नाही, त्यावरून आम्ही त्यांच्याशी भांडायचो. लोक म्हणाले, देवानं वीणा राखली. मी मान डोलावली. पण मनात आलं, वीणा राखता आली, मग माती का नाही राखली? तेव्हापासून भजनात तोंड हलतं, आत काही नसतं.

कार्तिकातल्या सप्ताहात मला म्हणाले, दोन शब्द बोला. मी बोललो, देव आपल्याच माणसांची परीक्षा घेतो. समोर एक आजी बसल्या होत्या. त्यांची म्हैस दावणीला बांधलेलीच बुडाली. त्यांनी माझ्याकडं बघितलं, पदर सावरला आणि उठून गेल्या. ती नजर मला झोपू देत नाही.

गेल्या साली दिंडीचा खर्च १ लाख ४० हजार झाला. भिशी माणशी हजार, म्हणजे ६० हजार. बाकी देणगीदार. यंदा देणगीदारांचीच शेतं वाहून गेली. म्हणून मी ८० हजार शेकडा तीननं उचलायचं म्हणतोय. बायको म्हणते, लेकीचं लग्न आत्ता झालं, धोंड्याचा महिना आलाय, जावयाच्या वाणाला घरात काही नाही आणि तुम्ही देवासाठी व्याजानं काढता? ज्याचा विश्वास उडाला त्यानं दिंडी चालवावी का? की वीणा खाली ठेवू?

ता. क. आमच्या दिंडीत पखवाज वाजवणारा पोरगा, २४ वर्षांचा, दिवाळीपासून भजनाला येत नाही. परवा घरचा स्वतःचा पखवाज माझ्या ओसरीवर ठेवून गेला. म्हणाला, "तात्या, आता हा तुमच्याकडंच राहू द्या."

---

माउली, रामकृष्ण हरी.

तुमचं पत्र मी खालून वर वाचणार आहे. तुमचा विश्वास, दिंडी, ८० हजार, हे सगळं चार दिवस थांबेल. तो पोरगा थांबेल की नाही हे मला सांगता येत नाही.

पखवाज ही उसनी द्यायची वस्तू नव्हे. डाव्या पुडीला कणीक किती लावायची, वाद्यांखालच्या कुठल्या लाकडी गठ्ठ्यावर किती ठोकायचं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. दुसऱ्यानं हात लावलेला वाजवणाऱ्याला खपत नाही. असा माणूस माणसांतून उठतो आणि आपला पखवाज दुसऱ्याच्या ओसरीवर ठेवून जातो, तेव्हा ती जीव नकोसा झाल्याची खूण असू शकते. नसेलही. घरात कुणी विकायला काढील म्हणूनही ठेवला असेल. पण हे त्याला विचारूनच कळेल, आणि ते आजच विचारायचं. पखवाज सोबत नेऊ नका, मोकळ्या हातानं जा. पाऊसपाण्याचं बोलून झालं की सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का रे?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही आपल्याकडची समजूत खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. तो हो म्हणाला तर उपदेश करू नका, आईची शपथ घालू नका, ऐकून घ्या. घरातली फवारणीची औषधं त्याच दिवशी दुसरीकडं हलवा. त्याला एकट्याला ठेवू नका. शेजारी बसून १४४१६ लावा. ही टेली-मानसची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलतात. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचे डॉक्टर असतात, त्यांच्याकडं त्याला तुम्ही घेऊन जा. "जाऊन ये" एवढं म्हणून भागत नाही.

एवढं करून या. मग पुढचं वाचा.

आता तुमच्या वीणेबद्दल. माझं सासर बार्शी तालुक्यातलं, घरात वारी. माझे सासरे सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा करायचे. वाचणाऱ्या सगळ्यांनाच माहीत असेल असं नाही, म्हणून सांगते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एक जण गळ्यात घेऊन उभा राहतो, त्याची वेळ भरली की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. तारेवरचं बोट तेवढ्यापुरतंसुद्धा थांबू द्यायचं नाही. मधल्या रात्रीचा पहारा कुणाला नको असतो, म्हणून तो सासऱ्यांकडं.

ज्या साली माझे थोरले दीर मोटारसायकलवरून येताना गेले, त्या सालीही ते पहाऱ्याला गेले. मी चहा घेऊन गेले होते. मामंजी वीणा घेऊन उभे, बोट तारेवर चाललेलं आणि तोंड गच्च मिटलेलं. खाली दोघं टाळकरी बसले होते, ते म्हणत होते. सातही रात्री असंच. गावात कुणी शब्द काढला नाही. पुढं कितीतरी वर्षांनी मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "तोंड उघडलं असतं तर शिवी गेली असती, सूनबाई. म्हणून म्हटलं, बोटापुरतंच करावं." आठव्या दिवशी काल्याला मात्र ते गेले नाहीत. लाही-दह्याचा घास त्यांच्या घशाखाली उतरला नसता.

तुमचं तोंड हलतं आणि आत काही नसतं, असं तुम्ही लिहिलंत. मामंजींचं तोंडसुद्धा हलत नव्हतं. त्यांचा विश्वास परत आला का, हे मी त्यांना विचारलं नाही आणि तुम्हालाही "येईल परत" असा शब्द देणार नाही. मला एवढंच दिसतं की पहाऱ्याची रीत ज्यांनी घातली त्यांनी माणूस ओळखला होता. एका माणसाला सात दिवस उभं राहवत नाही. पाय भरून येतात, झोप येते, राग येतो. म्हणून गळे बदलतात. तुम्ही विचारता, वीणा खाली ठेवू का. खाली कशाला ठेवता? गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घाला. यंदा पहिले दोन मुक्काम दुसऱ्या कुणाला उभं करा आणि तुम्ही पताकेमागं, टाळ घेऊन किंवा न घेता, नुसते चाला. चालक म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत वीणा धरणारा, असं कुठं लिहिलेलं नाही. वडिलांनी ३१ वर्षं धरली, ती त्यांची गोष्ट.

देवावर रुसलेला माणूस वारकऱ्यांत चालतो का, अशी तुमच्या मनातली खरी भीती असावी. देहूचा वाणी विसरलात का? १६३०-३१ चा दुष्काळ पडला तेव्हा तुकोबा ऐन विशीत होते. दुकान बसलं, दिवाळं निघालं, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय, कुणा चरित्रकाराची कल्पना नव्हे. त्यांच्याच गाथ्यात "माझे लेखी देव मेला" असंही आहे. त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नावसुद्धा घेणार नाही, असं पुढं म्हणतात. हा अभंग गाथ्यातून कुणी काढून टाकला नाही. मानधन आधी ठरवून येणारे काही बुवा तो कीर्तनाला घेत नाहीत, एवढंच. घरी गाथा असेल तर उघडून बघा. देवाशी इतकं कडकडून भांडलेला माणूस ज्या पंथाचा कळस झाला, तिथं तुमच्या "माती का नाही राखली" ला जागा नसेल असं मला वाटत नाही.

आणखी एक रीत आठवते. माउलींच्या पालखीबरोबर मी तीनदा चालले. तळावर पालखी पोचली की सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात आणि समाजआरती होते. आरतीआधी चोपदार हातातला चोप, म्हणजे दंड, उंच करतात. लाखभर माणसं असतात, टाळ एका क्षणात थांबतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असते, पाणी मिळालं नाही, क्रम चुकवला, कुणी दांडगाई केली, ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या शांततेत तेवढेच टाळ खणखणत राहतात. मग चोपदार तिथं जातात, ऐकून घेतात, निवाडा होतो, आणि मगच आरती. लोणंदला एकदा आमच्या शेजारची दिंडी अशी वाजवत होती. आमच्या पायांना फोड आलेले, कधी एकदा पाठ टेकतो असं झालेलं, मी चिडून म्हटलं, गप्प बसा की आता. शेजारची म्हातारी म्हणाली, "वाजवू दे बये, उद्या आपल्यालाबी वाजवावं लागंल."

तुम्ही सप्ताहात केलंत ते याच्या उलट. टाळ वाजवायची वेळ होती आणि तुम्हीच चोप उंच केलात. देव परीक्षा घेतो म्हणालात, म्हणजे आजींची तक्रार ऐकायच्या आधीच निकाल देऊन टाकलात. हे वाक्य मी तरी कुणाच्या दुःखासमोर उच्चारणार नाही. ते बोलणाऱ्याची सुटका करतं, ऐकणाऱ्याची नाही. तुम्हाला ते कळलं, म्हणून तर झोप उडाली. बरं झालं उडाली.

आजींकडं जा. बायकोला घेऊन जा, म्हणजे त्यांना बोलायला सोपं जाईल. "मी बोललो ते चुकलं" एवढं एक वाक्य बोलायचं, त्याला शेपूट जोडायचं नाही. नंतर विचारा, म्हशीचा पंचनामा झाला होता का, कागद कुठं आहेत. दुधाळ जनावरासाठी ३७ हजार ५०० रुपयांची मदत होती. त्यांना मिळाली का? बँकेचं खातं आधारला जोडलेलं नाही म्हणून अडकली का? एकट्या म्हाताऱ्या बाईचं अशा एका कागदासाठी वर्ष वर्ष जातं. तुमच्या स्वतःच्या दोन एकरांचंही बघा. राज्य सरकारच्या ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचं काम, गाळानं भरलेल्या विहिरीला ३० हजार, असं जाहीर झालं होतं. गावात कुणाला काय मिळालं, कुणाचं राहिलं, याची यादी तलाठ्याकडं बसून कुणी केलीय का? साठ घरांची नावं, कुणाची सून आजारी, कुणाचा गुडघा दुखतो हे ज्याला तोंडपाठ आहे असा गावात एकच माणूस असतो, तो म्हणजे दिंडीचा चालक. वडिलांची भिशीची वही घ्या आणि तिच्यातच समोर एक रकाना आखा. पखवाजवाला पोरगा सावरला, की लिहायला त्यालाच बसवा. २४ वर्षांचा आहे, त्याला मोबाइलवरचे अर्ज तुमच्यापेक्षा बरे समजत असतील.

आता ८० हजार. उचलू नका. शेकडा तीन म्हणजे महिन्याला २ हजार ४००, वर्षाला २८ हजार ८०० नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं. ज्याच्या शेतात माती नाही तो हे कशातून फेडणार? देणाऱ्याकडं सावकारीचा परवाना आहे का, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. याआधी कुणाकडून घेऊन बसला असाल, कोऱ्या कागदावर किंवा खरेदीखतावर सही दिली असेल, तर तालुक्याला सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडं जा. २०१४ च्या सावकारी कायद्यानं तक्रार करता येते, आणि बेकायदा सावकारानं लाटलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर परत मिळवायची वाटही त्यात आहे.

व्याज नको म्हटल्यावर दिंडी कशी निघणार? ते मी कशी ठरवणार, आणि तुम्ही तरी एकट्यानं का ठरवता? तुमच्या पत्रात ही एक गोष्ट मला टोचली. तीन पानांत दिंडीतल्या साठ माणसांपैकी एकालाही तुम्ही विचारलेलं नाही. वडिलांचं नाव राखायचं म्हणून आकडा लपवताय. एका एकादशीला देवळात वही उघडून बसा आणि वाचून दाखवा. गेल्या साली इतके लागले, यंदा इतके आहेत, बाकी नाहीत, मी उचलणार नाही. मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जाईल, तरी बसा. लोक बोलतील. कुणी म्हणेल शिधा गोळा करू, पायलीभर ज्वारी घरटी. कुणी म्हणेल शेजारच्या गावाबरोबर एकच टेम्पो करू. पंगतीतली बुंदी बंद करा, असं एखादी बाई ठणकावून सांगेल आणि तिचं ऐका. मुक्कामाच्या गावांना आधी निरोप धाडा की यंदा आम्ही पुरात धुतलो गेलोय. तुमच्या मार्गावरची गावं तुम्हाला वर्षानुवर्षं ओळखतात, भाकरीला नाही म्हणणार नाहीत. तुमच्या वडिलांना कुणाकडं मागायची लाज वाटायची का, मला माहीत नाही. वाटत असेल तर तेवढी एक गोष्ट त्यांची घेऊ नका.

आणि बसून ठरलं की यंदा पाच जणांनीच पताका घेऊन चालायचं, बाकीच्यांनी दशमीला एसटीनं यायचं, तर तसं करा. २०२० आणि २०२१ ला साक्षात माउली आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, मोजक्या माणसांनिशी. वडील तेव्हा होते. त्यांनी ती दोन वर्षं कशी काढली, घरात कुणाला तरी आठवत असेल. विचारून बघा.

बायकोचं म्हणणं मला पटतं, हे वेगळं सांगायला नको. मात्र धोंड्याच्या वाणाचाही तोच नियम लावा, तिथंही व्याज नको. जावयाला तेहतीस अनारसे घरच्या तांदळाचे करता आले तर करा, चांदीच्या ताटाविना. लेकीला आधी फोन करून खरं सांगा. ती सीनेकाठीच वाढलीय, तिला पूर काय असतो ते कळतं. अधिक ज्येष्ठामुळं आषाढी यंदा जुलैच्या अखेरीला आहे, म्हणजे तुमच्या हातात नेहमीपेक्षा एक महिना जास्त आहे. कुजलेली पुडी या महिन्यात मढवून घ्या. ओसरीवरच्या पखवाजाला हात लावू नका, त्याचा धनी येईपर्यंत वर फडकं टाकून ठेवा.

राहिली खुंटी. देवानं वीणा राखली की नाही, यावर मी बोलणार नाही, तुम्हीही सध्या बोलू नका. वडिलांनी ती इतक्या वर का ठोकली, याचा विचार मी दोन दिवस करतेय. त्यांनी सीनेचा एखादा जुना पूर पाहिला असेल का? की नुसता पोरांचा हात पोचू नये म्हणून? गावातल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला गाठून देवळात पाणी पूर्वी कधी शिरलं होतं, कुठवर शिरलं होतं, हे विचारा आणि भिंतीवर खूण करून ठेवा. टाळ-पखवाजाला फळी मारायची तर त्या खुणेच्या वर मारा. खुंटी आहे तिथंच राहू द्या, आणि ते स्टूल डगमगत असेल तर सुताराला दाखवा.